लिपिभेद आणि वेब सर्व्हर : प्रस्तावना

वेब सर्व्हर हा पत्ता आणि फाइल यांच्यामध्ये बसलेला कारकून असतो. ब्राउझरकडून आलेल्या मागणीतला पत्ता तो वाचतो, त्यावरून डिस्कवरच्या एखाद्या फाइलीचे नाव तयार करतो, ते नाव ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करतो आणि जे हाती पडेल ते मागणाऱ्याकडे रवाना करतो. या नित्याच्या व्यवहारात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो वरवर पाहता क्षुल्लक वाटतो : दोन नावांत फरक असेल तो केवळ मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांचा, तर ती नावे एकाच फाइलीची समजायची की दोन निरनिराळ्या फाइलींची? लिनक्सचे उत्तर ‘दोन’ असे आहे, विंडोजचे ‘एक’ असे आहे, मॅकचे बहुधा ‘एक’ असते पण नेहमीच नाही. आणि वेबवरील पत्त्यांचे व्याकरण ठरवणारे मानक तर पत्त्याच्या पूर्वार्धासाठी एक उत्तर देते आणि उत्तरार्धासाठी दुसरे. प्रस्तुत पुस्तक या एका प्रश्नाला वाहिलेले आहे.

शाळेत इंग्रजीची बाराखडी गिरवताना मराठी विद्यार्थ्याच्या कानी ‘मोठी लिपी’ आणि ‘लहान लिपी’ हे शब्द पडतात, आणि त्यांच्याच आधाराने या पुस्तकात ‘लिपिभेद’ ही संज्ञा योजली आहे. संगणकाच्या क्षेत्रात वावरणारे लोक ज्याला ‘केस सेन्सिटिव्ह’ म्हणतात त्या गुणाला येथे ‘लिपिभेद मानणे’ असे म्हटले असून, जी व्यवस्था कॅपिटल एल आणि स्मॉल एल ही दोन स्वतंत्र चिन्हे समजते ती लिपिभेद मानणारी, आणि जी त्यांना एकाच अक्षराचे दोन पोशाख समजते ती लिपिभेद न मानणारी, असा साधा संकेत आहे. यांच्या मधोमध तिसरा एक वर्ग आहे, ज्याचा उल्लेख पुढे वारंवार येईल : नाव ज्या लिपीत दिले त्याच लिपीत जपून ठेवायचे, परंतु शोधताना मात्र भेद करायचा नाही.

ज्या घटनेमुळे बहुतेकांची या विषयाशी पहिली गाठ पडते ती अशी. एखादे संकेतस्थळ विंडोजच्या लॅपटॉपवर तयार होते, तेथे सर्व पाने आणि छायाचित्रे व्यवस्थित दिसतात. ते लिनक्सवर चालणाऱ्या होस्टिंगवर चढवले की मजकूर दिसतो पण अर्धी छायाचित्रे नाहीशी होतात. कारण पाहू जाता ते डिजिटल कॅमेऱ्याच्या घडणीत सापडते. कॅमेऱ्यांच्या ‘डीसीएफ’ या मानकानुसार छायाचित्राचे नाव आठ अक्षरी असते, त्याला तीन अक्षरी शेपूट असते आणि सारे काही मोठ्या लिपीत असते, त्यामुळे शेवटचे ‘जेपीजी’ही कॅपिटलमध्येच येते, पान लिहिणारा मात्र सवयीने ते स्मॉलमध्ये लिहितो, आणि विंडोज ओळखीच्या फाइलींची शेपटे मुळात लपवूनच ठेवत असल्याने ही तफावत त्याच्या नजरेस पडत नाही. विंडोजला मागणी गेली की ती फाइल निमूटपणे उघडून देते. लिनक्सच्या लेखी मात्र कॅपिटल जे म्हणजे ७४ हा अंक आणि स्मॉल जे म्हणजे १०६ हा अंक. नाव म्हणजे अंकांची रांग, रांग जुळत नाही म्हणजे फाइल नाही, आणि सर्व्हर ‘४०४’ हा ‘सापडले नाही’ असे सांगणारा क्रमांक परत धाडतो. या प्रसंगात कोणीही चूक केलेली नाही, प्रत्येकाने आपापला नियम काटेकोर पाळला आहे, आणि म्हणूनच तो नियम कोठून आला हे पाहणे अगत्याचे ठरते.

देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, तेव्हा हा प्रश्न मूलतः परका आहे असे मराठी वाचकाला वाटण्याचा संभव आहे. हा समज पुरता खरा नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी आणि संस्कृत मजकूर साध्या रोमन कळफलकावरून लिहिण्यासाठी अविनाश चोपडे यांनी तयार केलेली ‘आयट्रान्स’ ही पद्धत अनेकांच्या हातात होती, आणि आजही बऱ्याच जणांची बोटे तिलाच सरावलेली आहेत. तिच्यात स्मॉल एन म्हणजे ‘न’ आणि कॅपिटल एन म्हणजे ‘ण’, स्मॉल टी म्हणजे ‘त’ आणि कॅपिटल टी म्हणजे ‘ट’, स्मॉल एल म्हणजे ‘ल’ आणि कॅपिटल एल म्हणजे ‘ळ’. ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘काल’ आणि ‘काळ’, ‘मन’ आणि ‘मण’ या जोड्या या पद्धतीत केवळ लिपिभेदाने वेगळ्या होतात. शब्दकोशाच्या एखाद्या प्रकल्पात प्रत्येक शब्दाला आयट्रान्समधील नावाची एक फाइल द्यायची ठरवली, तर लिनक्सवर ‘वेल’ आणि ‘वेळ’ शेजारी शेजारी सुखाने नांदतील. तेच फोल्डर विंडोजवर उतरवले की दोहोंपैकी एक दुसऱ्याच्या जागी जाऊन बसेल. इंग्रजी लिहिणाऱ्याला मोठ्या लिपीत बहुधा शिष्टाचार दिसतो, आयट्रान्स लिहिणाऱ्याला तिच्यात अर्थ दिसतो, आणि नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे यांपैकी कोण होते यावर पुष्कळसे अवलंबून राहिले.

इतिहासाची सुरुवात छापखान्यात होते. खिळे जुळवणाऱ्याच्या समोर दोन पेट्या असत, वरच्या पेटीत मोठ्या लिपीचे खिळे आणि खालच्या पेटीत लहान लिपीचे, आणि इंग्रजीत अक्षरांच्या या दोन रूपांना आजही पेटीच्याच नावाने ओळखतात. संगणकाच्या जमान्यात प्रथम एकच पेटी आली. अक्षरांना अंक नेमून देणाऱ्या ‘आस्की’ या मानकाच्या १९६३ सालच्या पहिल्या आवृत्तीत लहान लिपी नव्हती. ती १९६७ च्या सुधारित आवृत्तीत दाखल झाली. कॅपिटल ए ला ६५ आणि स्मॉल ए ला ९७ हे अंक मिळाले, आणि प्रत्येक जोडीतील अंतर बरोबर ३२ राहील अशी मांडणी असल्याने मोठे अक्षर लहान करणे म्हणजे केवळ एक बिट बदलणे, इतके ते सोपे झाले. या सोपेपणाने पुढच्या पिढीला जरा फसवले, कारण लिपिभेद मिटवणे हे नेहमीच एका बिटाचे काम असणार, अशी समजूत तेथे रुजली.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून युनिक्स आकाराला आली. तिच्या फाइल सिस्टिमने, म्हणजे डिस्कवर नावे आणि मजकूर यांची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेने, नावाबाबत जवळजवळ संन्यस्त वृत्ती स्वीकारली : नाव म्हणजे बाइटांची रांग, तिच्यात तिरकी रेघ आणि शून्य ही दोन चिन्हे चालणार नाहीत, बाकी काय असावे याच्याशी सिस्टिमला कर्तव्य नाही. भाषा, लिपी, उच्चार यांपैकी कशाचेही ज्ञान नसलेली ही व्यवस्था दोन नावांची तुलना अत्यंत वेगाने आणि कधीही मत न बदलता करू शकते. गंमत अशी की त्या काळच्या ‘टेलिटाइप ३३’ सारख्या यंत्रांवर फक्त मोठी लिपी उमटत असे, आणि एखाद्याने आपले नाव पूर्ण कॅपिटलमध्ये टाइप करून प्रवेश केला तर बिचाऱ्याकडे लहान लिपीच नाही असे गृहीत धरून युनिक्स त्याचे सारे लेखन आपणहून लहान लिपीत उतरवून घेत असे. लिपिभेदाचा कट्टर पुरस्कार करणाऱ्या या घराण्याने आपल्या उंबरठ्यावर अशी सवलत ठेवलेली होती, ही गोष्ट त्याचे अभिमानी सहसा सांगत नाहीत.

दुसरे घराणे छोट्या संगणकांचे. गॅरी किल्डॉल यांच्या ‘सीपी/एम’ मध्ये आणि तिच्या वळणावर गेलेल्या १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये नावे आठ-अधिक-तीन अक्षरांची आणि मोठ्या लिपीतली होती. वापरणाऱ्याने काहीही टाइप केले तरी ते कॅपिटल होऊनच नोंदले जाई, त्यामुळे लिपिभेदाचा प्रश्नच उद्भवत नसे. विंडोज ९५ ने लांब नावे आणली, दिलेली लिपी जपायला सुरुवात केली, पण शोधताना भेद न मानण्याची जुनी रीत सोडली नाही. १९९३ मध्ये विंडोज एनटीसोबत आलेली ‘एनटीएफएस’ ही फाइल सिस्टिम मुळात लिपिभेद मानू शकते, कारण युनिक्सच्या धर्तीचे प्रोग्रॅम तिच्यावर चालावेत अशी त्या वेळी गरज होती. नेहमीच्या विंडोज प्रोग्रॅमांना मात्र भेद न मानणारा चेहरा दाखवला जातो. म्हणजे एकाच डिस्कवर दोन नियम नांदतात, आणि कोणता लागू होईल हे विचारणारा कोण यावर ठरते. मॅकिंटॉशनेही हीच मधली वाट धरली, पण तिचे कारण वेगळे होते. फाइलीचे नाव हे माणसाने कागदाच्या पुडक्यावर लिहिलेल्या नावासारखे असते आणि माणूस लिपीवरून पुडकी वेगळी करत नाही, अशी तेथील धारणा होती. २००३ मध्ये मॅक ओएस एक्सच्या १०.३ या आवृत्तीत लिपिभेद मानणारा पर्याय उपलब्ध झाला आणि २०१७ मध्ये आलेल्या ‘एपीएफएस’ मध्येही दोन्ही पर्याय आहेत. संगणकावर सामान्यतः भेद न मानणारा वापरला जातो आणि त्याच कंपनीच्या फोनवर भेद मानणारा.

यातून दोन पंथ दिसतात, आणि त्यांच्यातला वाद तांत्रिक भाषेत चालत असला तरी मुळात तो नाव कोणासाठी असते याविषयीचा आहे. युनिक्सच्या मते नाव यंत्रासाठी असते आणि माणसाने ते अचूक लिहावे. मॅक आणि विंडोजच्या मते ते माणसासाठी असते आणि यंत्राने समजून घ्यावे. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु वेब सर्व्हर हा असा मध्यस्थ आहे की त्याला दोघांचेही ऐकावे लागते, आणि वर तिसऱ्या एका हुकमाचे पालन करावे लागते.

तो तिसरा हुकूम म्हणजे पत्त्याचे व्याकरण. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत पहिला वेब सर्व्हर ‘नेक्स्ट’ या युनिक्स घराण्यातील संगणकावर चालवला. त्याच्या पत्त्याचा पूर्वार्ध, म्हणजे यंत्राचे नाव, डोमेन नावांच्या व्यवस्थेकडून आला होता आणि त्या व्यवस्थेत लिपिभेद पहिल्यापासून मानला जात नाही. उत्तरार्ध, म्हणजे फाइलीचा मार्ग, युनिक्सच्या रिवाजातून आला. पुढे २००५ मध्ये ‘आरएफसी ३९८६’ या मानकाने या दुहेरी वारशावर शिक्कामोर्तब केले : योजना (स्कीम) आणि यजमान (होस्ट) यांच्या नावांत लिपिभेद नाही, बाकीच्या भागांत तो आहे असे धरून चालावे. त्यातही एक पोटनियम आहे. देवनागरी मार्ग तारेवरून जाताना प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अंकाक्षरे अशा रूपात लिहिला जातो, म्हणजे एकट्या ‘क’ साठी नऊ चिन्हे खर्ची पडतात. या अंकाक्षरांतील ए ते एफ ही रोमन अक्षरे मोठी असोत वा लहान, अर्थ एकच धरावा असे मानक सांगते. मार्गात लिपिभेद आहे, पण मार्गातील टक्केचिन्हानंतरच्या दोन अक्षरांत तो नाही. ज्या सॉफ्टवेअरने हा पोटनियम नीट वाचला नाही त्याच्या दृष्टीने एकाच मराठी पानाचे दोन पत्ते होतात.

सर्व्हरांनी या कात्रीतून आपापल्या परीने वाट काढली. १९९५ मध्ये पुढे आलेल्या अपॅचीने मार्ग जसाच्या तसा फाइल सिस्टिमकडे सोपवण्याचे धोरण ठेवले, आणि ज्यांना दयाबुद्धी हवी त्यांच्यासाठी एक जोडभाग दिला, ज्याच्या इंग्रजी नावातच ‘स्पेलिंग’ या शब्दाचे एक अक्षर मुद्दाम गाळलेले आहे. मागितलेली फाइल न सापडल्यास हा जोडभाग त्या फोल्डरातील सर्व नावे चाळतो, लिपीचा किंवा एका अक्षराचा फरक असलेले नाव शोधतो आणि ब्राउझरला खऱ्या पत्त्याकडे वळवतो. केवळ लिपीचीच तपासणी करण्याची मुभाही त्यात आहे. मायक्रोसॉफ्टचा आयआयएस विंडोजवरच नांदत असल्याने त्याला कशाचीच अडचण वाटली नाही, आणि त्यामुळेच त्याच्यावर वाढलेल्या संकेतस्थळांचे दुवे वाटेल त्या लिपीत लिहिले गेले. अशी स्थळे लिनक्सवर नेताना होणारे हाल हा या व्यवसायातील नेहमीच्या कामाचा भाग आहे. इगोर सिसोएव यांच्या २००४ च्या ‘एंजिनएक्स’ मध्ये मार्गाचे नियम लिहिताना एक लाटचिन्ह दिले तर लिपिभेद मानला जातो आणि त्याच्यापुढे तारका जोडली तर मानला जात नाही. पण साध्या उपसर्गाने लिहिलेला नियम लिनक्सवर भेद मानतो आणि मॅकवर मानत नाही, हे त्याच्या दस्तऐवजात एका वाक्यात येते आणि बहुतेकांच्या वाचनातून निसटते. ‘लाइटटीपीडी’ ने तर सर्व नावे सरळ लहान लिपीत उतरवण्याची किल्ली देऊन टाकली आहे, मग फाइलीही तशाच ठेवण्याची जबाबदारी मालकाची.

येथवर वाद इंग्रजीच्या २६ अक्षरांपुरता होता. युनिकोडने त्याचे क्षेत्र जगभर पसरवले आणि एका बिटाचा भरवसा संपला. तुर्की भाषेत टिंब असलेला आय आणि टिंब नसलेला आय ही दोन वेगळी अक्षरे असून प्रत्येकाचे मोठे आणि लहान रूप स्वतंत्र आहे, त्यामुळे तुर्की नियमाने लहान केलेले नाव इंग्रजी नियमाने लहान केलेल्या नावाशी जुळत नाही. जर्मनमधील दुहेरी एसच्या अक्षराचे मोठे रूप करताना परंपरेने दोन अक्षरे होतात. ग्रीकमध्ये एका अक्षराची लहान रूपे दोन आहेत, एक शब्दाच्या मध्ये आणि एक शेवटी. लिपिभेद न मानणाऱ्या फाइल सिस्टिमला म्हणूनच कोणते अक्षर कोणाचे जोडीदार याचा तक्ता जवळ बाळगावा लागतो. एनटीएफएस असा तक्ता प्रत्येक डिस्कवर डिस्क तयार होतानाच लिहून ठेवते, कारण युनिकोडच्या पुढच्या आवृत्तीने जोड्या बदलल्या तर कालपर्यंत दोन असलेल्या फाइली उद्या एक होतील. ज्याला ‘माणसाप्रमाणे समजून घेणे’ म्हटले जाते त्याची किंमत ही अशी एका गोठवलेल्या तक्त्याच्या रूपाने मोजावी लागते.

मराठी वाचकाने या ठिकाणी थोडे थांबावे, कारण त्याच्या स्वतःच्या लिपीचा प्रश्न येथे उभा राहतो. ‘कऱ्हाड’ हा शब्द संगणकावर निदान तीन प्रकारे लिहिला जातो : एक, नुक्ता असलेल्या ‘ऱ’ या एकसंध चिन्हाने, दोन, साधा ‘र’ आणि सुटा नुक्ता अशा दोन चिन्हांनी, तीन, ‘र’, हलन्त आणि नंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या नियमानुसार पहिले दोन समान आहेत आणि तिसरा निराळा. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमच्या लेखी तिन्ही निराळे. आणि मॅकच्या जुन्या ‘एचएफएस प्लस’ मध्ये पहिल्याचे विघटन होऊन तो दुसऱ्यासारखा लिहिला जातो, तर तिसऱ्यातील अदृश्य चिन्ह तुलनेत जमेसच धरले जात नाही, त्यामुळे ते नाव अर्धचंद्रासारखा ‘र’ नसलेल्या, रफार घेतलेल्या ‘कर्हाड’ शी एक होते. ज्या लिपीत मोठे-लहान नाही तिलाही ‘दोन नावे केव्हा एक’ हा प्रश्न चुकलेला नाही. लेखकांनी लिपिभेदाच्या पुस्तकात या रूपभेदाला भरपूर जागा दिली आहे, आणि तो या पुस्तकाचा सर्वांत स्वतंत्र भाग आहे.

सुरक्षेच्या अंगाने पाहिले की विषयाचा हलकाफुलकेपणा जातो. सर्व्हरच्या पहाऱ्याचा नियम पत्त्यावर लावलेला असतो आणि फाइल उघडण्याचे काम डिस्क करते. पहारेकरी लिपिभेद मानत असेल आणि डिस्क मानत नसेल, तर बंदी असलेल्या फोल्डरचे नाव एक अक्षर कॅपिटल करून मागितले की पहारेकऱ्याला ते ओळखू येत नाही आणि डिस्क मात्र ते आनंदाने उघडते. २००१ मध्ये मॅक ओएस एक्सच्या १०.०.३ आवृत्तीवर चालणाऱ्या अपॅचीत नेमके हेच आढळले. त्याआधी, २००० मध्ये, वेबलॉजिक या सर्व्हरच्या काही आवृत्त्यांत ‘जेएसपी’ हे शेपूट मोठ्या लिपीत लिहून मागणी केली असता, प्रोग्रॅम चालवून त्याचे फलित देण्याऐवजी सर्व्हर प्रोग्रॅमचा मूळ मजकूरच वाचायला देत असे, कारण मोठ्या लिपीतील शेपूट हा प्रोग्रॅम आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. डिसेंबर २०१४ मध्ये गिट या संहिता सांभाळणाऱ्या प्रणालीत उघड झालेला दोष याच जातीचा होता. तिच्या अंतर्गत फोल्डरचे नाव वेगळ्या लिपीत लिहून, किंवा एचएफएस प्लसवर त्याच्यात वर उल्लेखलेल्या प्रकारचे अदृश्य चिन्ह घुसडून, विंडोज आणि मॅकवरील माणसाच्या यंत्रावर परक्या आज्ञा चालवता येत होत्या. ‘कऱ्हाड’ लिहिताना उपयोगी पडणाऱ्या चिन्हांचे भाऊबंद कुलूप उघडण्याच्या कामी आले. आणि हा सारा इतिहास झाला असे कोणी म्हणू लागेल तोच, डिसेंबर २०२४ मध्ये टॉमकॅट या सर्व्हरच्या निर्मात्यांना जाहीर करावे लागले की लिपिभेद न मानणाऱ्या डिस्कवर, लिहिण्याची परवानगी खुली ठेवलेली असल्यास, बाहेरच्याला आपला प्रोग्रॅम सर्व्हरकडून चालवून घेता येऊ शकतो; पहिली दुरुस्ती अपुरी ठरल्याने त्यांना आणखी एक सूचना काढावी लागली.

हा प्रश्न आजच पुस्तकरूपाने मांडण्याचे कारण असे की दोन घराण्यांमधली सीमारेषा आता देशांमधल्या सीमेसारखी राहिली नसून घरातल्या भिंतीसारखी झाली आहे. पूर्वी एखादे स्थळ विंडोजवर जन्मत असे आणि विंडोजवरच मरत असे. आज मॅकच्या लॅपटॉपवर लिहिलेली संहिता गिटमधून जाते, लिनक्सच्या कंटेनरमध्ये तपासली जाते आणि जिथे फाइल सिस्टिमच नाही, केवळ लिपिभेद मानणाऱ्या नावांची यादी आहे, अशा ‘एस-थ्री’ सारख्या मेघ-कोठारात जाऊन विसावते. उलट दिशेनेही वाहतूक सुरू आहे : २०१८ मध्ये विंडोज १० ने एखाद्या फोल्डरपुरता लिपिभेद मानण्याची सोय केली, आणि २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.२ या आवृत्तीने ‘एक्स्ट-फोर’ मध्ये एखाद्या फोल्डरपुरता तो न मानण्याची. त्यामुळे ‘लिनक्स भेद मानते, विंडोज मानत नाही’ हे या प्रस्तावनेच्या आरंभी केलेले विधानसुद्धा फोल्डर पाहूनच खरे धरावे लागते. लिनक्सच्या मूळ संहितेतच, नेटवर्क चाळणीच्या भागात, केवळ लिपीने वेगळ्या असलेल्या फाइलींच्या जोड्या आहेत, ज्यांत मोठी लिपी कृतीची निदर्शक आहे आणि लहान लिपी तपासणीची. ती संहिता नेहमीच्या विंडोज फोल्डरात उतरवली की जोडीतील एकच फाइल हाती लागते. आयट्रान्समधील ‘वेल’ आणि ‘वेळ’ यांची कथा येथे इंग्रजीत घडते आहे.

पुस्तकाचा आग्रह स्पष्ट आहे. नावे एकाच ठिकाणी, म्हणजे फाइल जन्माला येते तेथे, एका नियमाने ठरवावीत आणि तो नियम ‘सर्व काही लहान लिपीत, शब्दांमध्ये आडवी रेघ’ असा असावा. सर्व्हरने चुकीच्या लिपीतील मागणी गुपचूप पुरवू नये, तर ‘३०१’ हा कायमच्या स्थलांतराचा क्रमांक देऊन खऱ्या पत्त्याकडे वळवावे. आणि काम करणाऱ्याने संहिता चढवण्यापूर्वी ती लिपिभेद मानणाऱ्या डिस्कवर एकदा तरी चालवून पाहावी. यांतील दुसरा मुद्दा विशेष मोलाचा आहे. गुपचूप उदारपणा वापरणाऱ्याला सोयीचा वाटतो, परंतु त्याने एका पानाचे अनेक पत्ते होतात, शोधयंत्रे त्यांना वेगवेगळी पाने समजतात, मधल्या साठ्यांमध्ये एकाच पानाच्या अनेक प्रती पडून राहतात, आणि चूक वर्षानुवर्षे उघडकीस येत नाही. ४०४ निदान खरे बोलते.

पहिल्या आग्रहाला मात्र एक मर्यादा घालणे भाग आहे, आणि लेखकांनी ती जितक्या ठळकपणे सांगायला हवी होती तितकी सांगितलेली नाही. ‘सर्व पत्ते लहान लिपीत उतरवा’ हा नियम सर्व्हरवर सरसकट लावला तर जेथे लिपीतच माहिती साठवलेली आहे तेथे तो विध्वंसक ठरतो. यूट्यूबवरील प्रत्येक चित्रफितीची ११ चिन्हांची खूण मोठी अक्षरे, लहान अक्षरे, अंक आणि दोन चिन्हे यांतून घडते. तिची लिपी बदलली की ती भलत्याच चित्रफितीची किंवा कोणाचीच खूण राहत नाही. माणसाने दिलेले नाव आणि यंत्राने दिलेली खूण यांना एका मापाने मोजता येत नाही. सर्व्हरच्या नियमांत या दोहोंची फारकत आधी करावी आणि मगच पुस्तकातील उपाय योजावा.

पुस्तकात कोणत्याही एका ऑपरेटिंग सिस्टिमची वकिली नाही, ही गोष्ट या विषयावर लिहिणाऱ्यांत विरळा आहे. सांबासारख्या फाइल वाटप करणाऱ्या प्रणाली, ज्यांना लिनक्सच्या डिस्कवर विंडोजचा नियम पाळून दाखवताना मोठमोठी फोल्डरे आरंभापासून शेवटपर्यंत चाळावी लागतात, त्यांना पुस्तकात फार थोडी जागा मिळाली आहे. डेटाबेसमधील नावांचा लिपिभेद तर हेतुपुरस्सर वगळला आहे. जे आहे ते सर्व्हर चालवणाऱ्याच्या टेबलावरचे आहे, आणि प्रत्येक विधान वाचकाला आपल्या यंत्रावर पडताळता येईल अशा रीतीने लिहिलेले आहे. वाचकाने पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी संगणकावर एक रिकामे फोल्डर करावे, त्यात आयट्रान्सच्या पद्धतीने ‘वेल’ नावाची एक फाइल ठेवावी, मग ‘वेळ’ नावाची दुसरी ठेवून पाहावी, आणि आपले यंत्र कोणत्या घराण्यातले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच पान उलटावे.